कबड्डीला गेलेल्या लेकीस

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी एसटी फाट्यावरून सुटली आणि सांगायचं ते राहूनच गेलं. जिल्ह्याच्या संघात नाव लागल्याचं आबांनी पारावर सगळ्यांना सांगितलं. मी मात्र फाईल बॅगेत आहे की नाही तेच पाहत होते. वरच्या कप्प्यात आहे, सोनोग्राफीच्या कागदासकट.

बेटा, मार लागला तर लपवू नको. तुझी डावी किडनी एकटीच दोघींचं काम करते, म्हणून ती वाढलेली आहे आणि तिचा खालचा भाग बरगड्यांच्या आडोशाला नाही. डॉक्टरांनी कबड्डीला हो म्हटलं ते विचार करूनच. पण डॅश कमरेत बसतो, साखळीत सापडलीस की कोणाचा गुडघा कुशीत येतो. सरांना पहिल्याच दिवशी सांग. पॅड बांधलं तरी त्याच्यावर विसंबू नको. आणि सायकलची तर मला जास्तच धास्ती. पडताना हँडलचं टोक पोटात घुसतं. मुलांच्या किडनीला मैदानी खेळांपेक्षा अशा पडण्यानं जास्त इजा होते. मुठीचं रबर फाटलं असेल तर आधी बदल.

कुशीत मार बसला की लघवीचा रंग बघ. लाल किंवा कोऱ्या चहासारखी दिसली तर खेळ तिथेच थांबव आणि सोनोग्राफी होते अशा दवाखान्यात जा. रंग साधा असूनही कूस दुखत राहिली, उलटी झाली, चक्कर आली, तरी जायचंच. रक्त न दिसताही आत जखम असू शकते. "मला एकच किडनी आहे," हे तिथे सगळ्यात आधी सांग.

मैत्रिणीची दुखण्याची गोळी घेऊ नको. घामानं अंग सुकलेलं असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. पॅरासिटामॉल चालते, तीही सांगितली तेवढीच. सरावाआधी २ ग्लास पाणी, मग दर २० मिनिटांनी थोडं थोडं.

पुन्हा उपदेशच झाला, रागावू नको. अंगणात काठीनं रेघ ओढून दादाला दमवायचीस, पण स्वतः दम सोडायची नाहीस. त्याचंच कौतुक वाटतं आणि त्याचीच भीती. मागे घोटा सुजला तर आठ दिवस बोलली नाहीस. काहून सांगितलं नाही, विचारलं तर म्हणे संघातून काढतील. घोट्याचं निभलं गं.

दिवाळीत आलीस की बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासून घेऊ. शनिवारी फोन कर. जिंकलीस की हरलीस ते मागून सांग, आधी कूस कशी आहे ते सांग.

तुझी
आई