आरोग्यमंत्री साहेब, ओटीपी मुकादमाच्या फोनवर जातो

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली एक आशा, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणारी सेविका. मिटिंगमधे दरवेळी एकच ऐकायचं, आशांना मोबाईल जमत नाही. साहेब, रात्री ग्रुपवर रिपोर्ट मागितला की फोटोसकट जातो ना, मग जमत नाही कसं? अडतंय ते दुसरीकडंच.

आभा कार्डाचं घ्या, म्हणजे माणसाच्या आरोग्याच्या नोंदीचं सरकारी कार्ड. 14 आकडी नंबर काढायचा तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आता गरोदर बाई सासूजवळ गावात, तिच्या आधारला नंबर नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला सांगलीकडं फडात, नाहीतर नंबर टोळी नेणाऱ्या मुकादमाचाच कारण आधार काढलं तेव्हा घरात फोनच नव्हता. मी दारात उभी राहून फोन लावते, तो उचलेस्तोवर ओटीपीची मुदत संपते, परत पाठवा. उचलला तरी म्हणतो, ताई ओटीपी कशाला पाहिजे? बरोबरच आहे की त्याचं, मधे सरकारनंच प्रत्येक कॉलच्या आधी महिनोन्महिने ऐकवलं की ओटीपी कुणाला सांगू नका. लोक नको म्हणतात ते अडाणी म्हणून नाही, गावात कुणाच्या ना कुणाच्या खात्यातून पैसे गेलेत. आणि आभा तर ऐच्छिक आहे म्हणे, मग आम्हाला टार्गेट कसलं?

दुसरं डबल काम. तिशीच्या पुढच्या माणसाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायचा, तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, हे आधी कागदावर आणि संध्याकाळी भाकरी झाल्यावर तेच ॲपमधे. रजिस्टर कशाला तर ॲपवर भरवसा नाही, ॲप कशाला तर वरून मागतात. मोबदला मात्र एकदाच, तोही कधी येईल तेव्हा.

ऑगस्ट 2021 मधे अंगणवाडीच्या ताईंनी सरकारी मोबाईल परत केले ते आठवत असेल. फोन तापायचे, हँग व्हायचे, वर त्यांचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. बोलणी खाल्ली ताईंनीच.

ट्रेनिंग म्हणाल तर एका हॉलमधे सगळ्या कोंबायच्या, स्लाईड दाखवायच्या आणि लिंक टाकायची. मला सिंक करायला, म्हणजे फोनमधली माहिती वर पाठवायला, शिकवलं शेजारच्या गावच्या आशानं, एसटीची वाट बघताना. अशा जमणाऱ्या बायकांनाच थोडा मोबदला देऊन बाकीच्यांना शिकवू द्या, आपापल्या फोनवर, आपल्याच गावची खरी नावं भरून.

आणि जी माहिती ॲपमधे गेली तिचं रजिस्टर बंद, असा लेखी आदेश काढा, तोंडी नको, तोंडी कुणी मानत नाही. रेंज नसताना भरलेली माहिती उडणार नाही एवढं ॲपवाल्यांकडून करून घ्या. आधारचा नंबर बदलायला तालुक्याला जाऊन बाईचा एक रोज बुडतो, त्यापेक्षा मशीन घेऊन माणूसच गावात पाठवा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात, कॅम्प त्याच्या आधी लावा, नंतर गावात म्हातारी माणसंच भेटतील.

आपली,
एक आशा, जि. बीड