प्रदर्शन आवरल्यावर उरते काय?

महोदय,

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील प्रदर्शनांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. उद्घाटन कोणी केले, दुर्मीळ ग्रंथ किती मांडले, प्रदर्शन कधीपर्यंत खुले आहे, एवढे त्यातून कळते. ते आवरल्यानंतर हाती काय राहते, हे मात्र कोणी विचारत नाही.

हस्तलिखिते आणि जुने कागद फार काळ उजेडात ठेवता येत नाहीत. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि पुन्हा अंधारात ठेवल्याने ती भरून निघत नाही. म्हणून अशा वस्तूंवरचा उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आत ठेवतात आणि काही आठवड्यांनी, फार तर काही महिन्यांनी, मूळ प्रती आत नेतात. शिवाय काचपेटीत उघडून ठेवलेल्या ग्रंथाची आपल्याला दोनच पाने दिसतात. ती दोन निवडायला कोणीतरी अख्खा ग्रंथ चाळलेला असतो. समासातली टिपणे कोणाच्या हातची, बांधणी मूळची की नंतरची, ही प्रत कोणाकोणाकडून फिरत इथे आली, हे सगळे धुंडाळलेले असते. हा अभ्यास पेटीतल्या कार्डावर चार ओळींत उतरतो आणि प्रदर्शन आवरताना ते कार्ड टाकून दिले जाते. ग्रंथालयाच्या तालिकेतली (कॅटलॉगमधली) नोंद होती तशीच: लेखक, शीर्षक, साल, पृष्ठसंख्या. छायाचित्रे निघतात, पण ती बहुधा पाहुण्यांची.

हा अभ्यास जपण्यासाठी काही नवी व्यवस्था उभारावी लागणार नाही. ग्रंथालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मार्क २१ या नोंदपद्धतीत ही सोय आधीपासूनच आहे. ग्रंथ कोणाकोणाच्या मालकीचा होता ते ५६१ क्रमांकाच्या रकान्यात लिहायचे, बांधणीची माहिती ५६३ मध्ये आणि तो कोणत्या प्रदर्शनात मांडला होता ते ५८५ मध्ये. कार्डावरच्या चार ओळी तिथे उतरवायला कितीसा वेळ लागणार? सोबत त्या ग्रंथाच्या डिजिटल प्रतीचा कायमस्वरूपी दुवा दिला, तर पेटीत न दिसलेली पानेही वाचता येतील. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने न्यूटनची हस्तलिखिते २०११ पासून ऑनलाइन खुली करायला सुरुवात केली. नुसती चित्रे टाकून ते थांबले नाहीत, सोबत वर्णनेही दिली. वर्णनाशिवायची हजारो स्कॅन पाने म्हणजे कुलूप नसलेली, पण दारही न सापडणारी खोली.

दुसरा मुद्दा वर्गणी भरून घेतलेल्या नियतकालिकांचा आणि डेटाबेसचा. पदवी हातात पडली की लॉगिन बंद होते, हे माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण अनेक प्रकाशकांच्या करारांत प्रत्यक्ष ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकालाही परवानगी असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. घरून वापरता येत नाही, पण तिथे बसून वाचता येते, टिपणे काढता येतात. अशी मुभा करारात असूनही ती दारावर किंवा संकेतस्थळावर कुठेच लिहिलेली नसते, आणि विचारायला जावे तर ओळखपत्र नाही म्हणून प्रवेशद्वारावरूनच परत पाठवतात. परवानगी नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. असेल तर कोणत्या संगणकावर, कोणत्या वेळेत आणि कोणते ओळखपत्र दाखवून, ते सांगावे. खुल्या नियतकालिकांची डीओएजे ही सूची तर २००३ पासून कोणालाही मोफत पाहता येते. ती सशुल्क डेटाबेसच्या रांगेत लॉगिनच्या पलीकडे का दडवावी, हे मला अजून उमगलेले नाही.

कार्यशाळांविषयी थोडक्यात. डेटाबेस कसे वापरावेत, संदर्भ कसे नोंदवावेत, हे बहुतेक ठिकाणी सत्राच्या सुरुवातीलाच शिकवून टाकतात. तेव्हा विद्यार्थ्यापुढे प्रश्नच नसतो, त्यामुळे उत्तर डोक्यात राहत नाही. गरज भासते ती प्रबंधाचा विषय ठरल्यावर, संदर्भ सापडेनासे झाले की. सभागृहातल्या एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा त्या महिन्यांत रोज तासभर एक जाणकार ग्रंथपाल ठरलेल्या टेबलाशी बसला, तर जास्त उपयोग होईल. या टेबलाशी बाहेरच्या वाचकालाही बसू द्यावे.

आपला,
एक वाचक