शेवटच्या धावपटूलाही पाणी हवे

महोदय,

गेली नऊ वर्षे मी हौसेने रस्त्यावरील शर्यतींत धावतो. साताऱ्याच्या २१ किलोमीटरच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना पोटऱ्या भरून येतात, तरी कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारी माणसे पाहिली की पाय आपोआप पुढे पडतात.

अलीकडे साडी रन, मान्सून रन अशा एखाद्या कल्पनेभोवती गुंफलेल्या शर्यती गावोगावी होतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. गेल्या वर्षी अशाच एका शर्यतीत साठी उलटलेल्या एक आजी नऊवारीचा काष्टा घट्ट कसून, पायांत मुलाचे जुने बूट घालून ५ किलोमीटर धावल्या आणि शेवटची रेषा ओलांडताच त्यांनी वाकून रस्त्याला नमस्कार केला.

मात्र त्याच सकाळी १० किलोमीटरच्या गटात मी आठव्या किलोमीटरवरील टेबलापाशी पोहोचलो, तेव्हा पाण्याचा थेंबही उरला नव्हता. रिकामे कागदी पेले तेवढे वाऱ्यावर लोळत होते आणि माझ्या मागे अजून कितीतरी जण यायचे होते. प्रवेशशुल्क तर सर्वांकडून सारखेच घेतले जाते. शिवाय हळू धावणारा माणूस उन्हात अधिक वेळ असतो, त्यामुळे पाण्याची गरज त्यालाच जास्त असते. आयोजकांनी टी-शर्ट आणि पदकांवरचा खर्च थोडा आवरावा, पण शेवटचा धावपटू पुढे जाईपर्यंत प्रत्येक टेबलावर पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत ठेवावे, ही कळकळीची विनंती.

— एक हौशी धावपटू, पुणे