कऱ्हाडच्या ताईंना, सांगलीहून

सौ. ताई,
स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘त्यात काय एवढं, काका’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. मूळच्या कऱ्हाडच्या, आता जर्मनीत राहणाऱ्या तुम्ही माझ्या लेकीच्या कुटुंबाचं तिथे बस्तान बसवायला काय केलंत, ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

सांगली जिल्हा परिषदेत माझी अख्खी नोकरी फायलींत गेली. एका दाखल्यावाचून माणसाचं काम कसं अडतं, ते रोज पाहिलंय. त्यामुळे लेक, जावई आणि नात स्टुटगार्टला निघाली तेव्हा मला घोर होता तो कागदांचा. तिथे ना भाषा, ना ओळख.

ती निघण्याआधीच तुमचा फोन आला. ‘काका, जन्माचे आणि लग्नाचे दाखले इंग्रजीत आहेत का?’ लेकीचा जन्म 1992 चा, मिरजेतला. आमची महानगरपालिका झाली 1998 ला. घरातला दाखला जुन्या नगरपालिकेचा, हाताने लिहिलेला, फक्त मराठीत. तुम्ही सांगितलंत म्हणून नवा काढून घेतला. तिथे लग्नाचा दाखला दाखवता आला नाही, तर नवरा-बायको अशी नोंद व्हायला अडचण येते आणि पुढे पगारावरच्या कराचा वर्गही चुकतो, हे आम्हाला इथे बसून कुठून कळणार?

तिथे पोचल्यावर तुम्ही सगळ्या कामांचा क्रम लावून दिलात. आधी टपालपेटीवर नाव. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि तिथलं महत्त्वाचं सगळं पत्रानेच येतं. मग ‘हे माझ्या घरात राहायला आले’ असा घरमालकाच्या सहीचा कागद. तो घेऊन दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्या नोंदणीवरून 11 आकडी कर क्रमांक टपालाने घरी येतो, तो नोकरीच्या ठिकाणी दिला की पगारातून कर नीट कापला जातो. एकावाचून दुसरं होत नाही. लेकीने हे सांगितलं तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं, आता ओळखीतलं कुणी जर्मनीला निघालं की ते पान दाखवतो.

आरोग्य विमा सक्तीचा. जावयांना नोकरी लागेपर्यंत ते आणि नात लेकीच्याच सरकारी विम्यात बसले, जादा हप्ता न भरता. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं तेव्हा पोरं धास्तावली होती. ते खरं आहे, महिना 18.36 युरो, पण माणशी नाही तर घरटी, दोघांना पत्र आलं तरी एकानेच भरायचं, हे तुम्ही समजावलंत. व्हिसाची मुदत संपायच्या कितीतरी आधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायला लावलात. इथलं सांगलीतलं बँक खाते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, करून घ्यायची आठवणसुद्धा तुम्हीच केलीत!

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच. नोंदणीच्या दिवशी तुम्ही अर्धा दिवस रजा काढून सोबत गेलात आणि तिच्या वतीने जर्मनमध्ये बोललात. परवान्याच्या वेळी मात्र नुसत्या शेजारी बसलात. काय बोलायचं ते आदल्या रात्री तिच्याकडून घोकून घेतलंत आणि खिडकीपाशी तिलाच बोलू दिलंत. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाजच निराळा होता. मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण समोरच्याला आपली गरज उरू नये अशी मदत करणारं माणूस मी माझ्या नोकरीतही फार कमी पाहिलं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं कऱ्हाडला जाऊन तुमच्या आईंना भेटून आलो. तुम्ही त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. आम्ही सांगितलं, सगळं. दिवाळीला आलात की सांगलीला मुक्कामालाच या. साहेबांनाही आणा, त्या दिवशी गाडी त्यांनीच चालवली होती, त्यांचेही आभार मानायचे राहिलेत.

आपला,
लेकीचे बाबा
विश्रामबाग, सांगली