माकुआच्या किनाऱ्यावरची ती सहल नव्हती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या अंत्यविधींवर सचित्र लेख आला. त्यातला हवाई बेटांचा परिच्छेद वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. साडेतीनशे किलोंच्या घरातल्या एका गायकाची रक्षा समुद्रात सोडताना लोकांनी पाण्यात उड्या मारल्या, हात उंचावून आरोळ्या ठोकल्या, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले, असे लेखात म्हटले आहे. यातले खोटे काहीच नाही. पण पुढे 'मरणाचीही मौज करणारी माणसे' अशी टिप्पणी करून लेखक मोकळे झाले आहेत. गायकाचे नाव द्यायचे मात्र राहून गेले. वजन छापले आणि नाव गाळले, हे संगीताच्या माणसाला झोंबणारच.

त्याचे नाव इस्राएल कामाकाविवोओले. उच्चारायला अवघड आहे खरे. त्याचे लोकही त्याला 'इझ' म्हणत. हा प्रसंग १२ जुलै १९९७ चा, आणि जागा ओआहू बेटाच्या पश्चिम टोकाजवळचा माकुआ किनारा. आपण फोटोखाली वायकिकी छापले आहे. वायकिकी म्हणजे होनोलुलूचा हॉटेलांनी गजबजलेला किनारा. माकुआला हॉटेल नाही, मागे डोंगर आणि समोर समुद्र. ही चूक किरकोळ नाही. त्याला निरोप द्यायला लोक माकुआलाच का गेले, हे कळले तर त्या आरोळ्यांचा अर्थ लागतो.

माझा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. एकेकाळी लग्नाच्या हॉलपासून गणेशोत्सवाच्या मंडपापर्यंत तिच्यावर हिंदी गाणी वाजत. व्हॅन शिपलेंच्या तबकड्या आमच्या पिढीने घासून घासून ऐकल्या. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तीच गिटार रागसंगीताच्या मैफलीत नेली. पण हे वाद्य ज्या बेटांवरून आले तिथली माणसे कोण, याची चौकशी आमच्यातल्या फार थोड्यांनी केली. तारेवर कांडी सरकवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या ओआहूच्या मुलाने रूढ केली, आणि १९४० च्या दशकात ताऊ मोए नावाचे हवाईतले कलावंत कलकत्त्यात राहून ती शिकवत होते. म्हणजे त्या बेटांचे आपल्यावर थोडे ऋण आहेच.

आता इझबद्दल. त्याचा जन्म २० मे १९५९ चा. त्यानंतर तीन महिन्यांनी हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा: तिथे राणी होती, लिलिउओकलानी. १८९३ मध्ये तिला गादीवरून खाली खेचले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडून टाकली. आपल्याकडच्या संस्थानांच्या खालसा होण्याच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. इझच्या आईकडची मंडळी निइहाऊ या छोट्या बेटावरची. मूळ हवाईयन भाषा अजूनही घराघरांत बोलली जाते असे ते बेट आहे. किशोरवयात इझ पश्चिम किनाऱ्यावरच्या माकाहाला राहायला गेला आणि तिथे थोरला भाऊ स्किपी व काही मित्र यांच्याबरोबर त्याने 'माकाहा सन्स ऑफ निइहाऊ' हा वाद्यवृंद उभा केला. स्किपी १९८२ मध्ये, तिशीही गाठायच्या आत, हृदयविकाराने गेला. हे सांगतो ते मुद्दाम. वजनाचा विनोद करणाऱ्यांनी हेही पाहावे की मूळ हवाईयन लोकांत हृदयरोग आणि मधुमेह यांनी अशी किती घरे ओस पाडली आहेत. इझ स्वतः २६ जून १९९७ रोजी श्वास बंद पडून गेला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

ज्या गाण्याने तो जगभर पोचला ते आपल्या वाचकांनी नक्की ऐकले असेल, नाव माहीत नसले तरी. इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचे १९३९ च्या हॉलिवूडपटातले गाणे आणि दुसरे एक जुने लोकप्रिय गाणे, दोन्ही एकात गुंफलेली. साथीला फक्त उकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी हवाईयन गिटारच म्हणा. १९८८ मध्ये एका रात्री तीनच्या सुमारास इझने होनोलुलूच्या एका स्टुडिओत फोन लावला. ध्वनिमुद्रक मिलान बर्टोसा घरी निघायच्या बेतात होते. तरी त्यांनी 'लगेच या' म्हटले. इझला पेलेल अशी खुर्ची स्टुडिओत नव्हती, म्हणून पहारेकऱ्याने एक दणकट लोखंडी खुर्ची शोधून आणली. एकाच दमात गाणे झाले. पुढे काही वर्षे ती टेप तशीच पडून होती. १९९३ च्या 'फेसिंग फ्युचर' या संग्रहात ती घेतली गेली, आणि हा संग्रह पुढे अमेरिकेत प्लॅटिनम ठरलेला पहिला हवाईयन संग्रह झाला.

पण घरच्या माणसांसाठी इझ नुसता या गाण्याचा गायक नव्हता. त्याच्या एका गाण्यात, जुने राजा-राणी आज परत आले तर आपल्या भूमीवरचे महामार्ग, सिग्नल आणि इमारती पाहून त्यांना काय वाटेल, असा प्रश्न आहे. पर्यटकांपुढे हार घालून हसणारा हवाईयन आणि हा गायक, यांतले अंतर इथे कळते.

आणि आता माकुआ. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी लष्कराने माकुआचे खोरे सरावासाठी ताब्यात घेतले. तिथल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. युद्ध संपले तरी जमीन परत मिळाली नाही. १९६४ मध्ये राज्य सरकारने त्यातला आपला भाग लष्कराला ६५ वर्षांसाठी भाड्याने दिला. भाडे किती? एक डॉलर. १९९० च्या दशकात किनाऱ्यावर बेघर हवाईयन कुटुंबे झोपड्या बांधून राहत होती. १९९६ मध्ये, म्हणजे इझच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, सरकारने त्यांना तिथून हुसकावले.

त्याच सरकारने १० जुलै १९९७ रोजी इझसाठी राज्याचा ध्वज अर्ध्यावर उतरवला. कोआ लाकडाची शवपेटी होनोलुलूच्या विधान भवनात ठेवली आणि सुमारे दहा हजार माणसे दर्शनाला आली. हा मान त्याआधी फक्त दोघांना मिळाला होता, गव्हर्नर जॉन बर्न्स आणि सिनेटर स्पार्क मात्सुनागा यांना. दोघेही राजकारणी. सरकारने कोणता हिशेब केला असेल तो असो, पण दोन दिवसांनी रक्षा गेली ती माकुआला. जिथून माणसांना वर्षभरापूर्वी उठवले होते, त्याच वाळूवर त्यांची हजारो भाऊबंद मंडळी जमली. कुणी होड्या घेऊन आले, कुणी सर्फच्या फळ्या, कुणी नुसतेच पोहत गेले. ज्यांना किनारा गाठता आला नाही त्यांनी महामार्गावर गाड्या उभ्या करून भोंगे वाजवले. ट्रकचा भोंगा ही सलामी होती, संपादक महोदय. त्या पट्ट्यात कष्टकरी माणसे राहतात, त्यांच्या हाताशी तोच भोंगा होता.

पाण्यात गोल करून, पाणी उडवून, आरोळी देऊन निरोप देण्याला तिथे एक रीत आहे. वायकिकीचे ड्यूक कहानामोकू हे नाव पोहण्याच्या इतिहासात मोठे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी शंभर मीटर शर्यत जिंकली आणि सर्फिंग जगभर नेले. १९६८ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा त्यांचीही रक्षा होड्यांच्या ताफ्यात वायकिकीसमोर समुद्रात सोडली होती. तिथून ही पद्धत सर्फ करणाऱ्यांमार्फत कॅलिफोर्नियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली. आजकाल पाण्यात हार सोडताना आधी त्याचा दोरा काढून नुसती फुले सोडतात, कासवांच्या गळ्यात अडकू नये म्हणून. एवढी काळजी घेणाऱ्यांना मौजी म्हणावे का, हे आपणच ठरवा.

आपल्या लेखकांना खरोखर वायकिकीचाच प्रसंग हवा असेल तर तोही आहे, डॉन हो यांचा. ते १४ एप्रिल २००७ रोजी गेले आणि ५ मे रोजी वायकिकीच्या वाळूवर हजारोंची सभा भरली. ते जातीचे रंजनकार. अमेरिकी हवाई दलात वैमानिक होते, मग आईच्या बारमध्ये गायला लागले आणि चाळीसेक वर्षे पर्यटकांना गाणी ऐकवली. १९६६ च्या ज्या एका गाण्याने ते ओळखले जात, त्याला ते स्वतःच कंटाळले होते. तरी कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते गात आणि शेवटीही पुन्हा गात. आपल्या वयाच्या लोकांना सुरुवातीला गायले होते की नाही ते आठवत नाही, अशी कोटी वर करत. इझचे चाहते अशा रंजनाकडे जरा नाक मुरडतात, मलाही ते समजते. पण होड्या त्यांच्यासाठीही निघाल्या आणि रक्षा त्याच समुद्राला मिळाली. हवाईत किनाऱ्याची ओली वाळू कायद्याने सगळ्यांची असते, पंचतारांकित हॉटेलाच्या दारातलीसुद्धा. म्हणून तिथे पास लागत नाही आणि बांबूचे कठडेही लागत नाहीत.

हे वाचताना मला शिवाजी पार्क आठवल्याशिवाय राहिले नाही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदींना तिथे शासकीय इतमामात निरोप दिला. ते योग्यच झाले. पण चिता थंड होते न होते तोच मैदानावर स्मारक हवे की नको यावर राजकीय पक्षांची जुंपली, आणि शेवटी हा वाद थांबवा असे मंगेशकर कुटुंबीयांनाच सांगावे लागले. सामान्य श्रोता त्या दिवशी कठड्याबाहेर किंवा टीव्हीसमोर होता. त्याला करण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते. माकुआला प्रत्येकाला काहीतरी करायचे होते: वल्हवायचे, पोहायचे, गायचे, निदान भोंगा वाजवायचा. मला विचाराल तर हेवा वाटावा अशी गोष्ट हीच आहे.

तिथेही सगळे सोवळ्यातले नव्हते, हे कबूल. त्या दिवशी टिपलेली दृश्ये इझच्या त्या इंद्रधनुष्याच्या गाण्याच्या अधिकृत व्हिडिओत वापरली गेली. तो व्हिडिओ शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला आहे आणि आपल्या लेखातला फोटोही त्यातलाच दिसतो. दुःखाचा असा माल व्हावा हे मला स्वतःला खटकते. मात्र त्याच व्हिडिओमुळे आपल्या लेखकांना तो प्रसंग दिसला, हेही खरे. दिसला त्यापेक्षा थोडे अधिक पाहिले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी: गायकाचे पूर्ण नाव, वायकिकीऐवजी माकुआ, आणि १२ जुलै १९९७ ही तारीख. माकुआच्या भाडेपट्ट्याची मुदत २०२९ पर्यंतची आहे आणि त्या जमिनीच्या भवितव्यावरून तिथे वाद झडत आले आहेत. तेव्हा हे गावाचे नाव आपल्या परदेशच्या पानावर पुन्हा येण्याचा संभव आहे. त्या बातमीसाठीही ही दुरुस्ती उपयोगी पडेल.

आपला नियमित वाचक,
(हवाईयन गिटारचा एक जुना वादक), ठाणे