मनू, तुझी बेल जोरात वाजली

मनू,

रात्री तुझा फोन झाल्यावर आईला झोप लागली नाही आणि तिला नाही म्हणून मलाही नाही, शेवटी साडेचारला उठून चहा टाकला आणि हे टाइप करायला बसलोय. एवढं लांब लिहायची सवय नाही, काना मात्रा चुकला तर सांभाळून घे. तू बोलत होतीस तेव्हा मी गप्प होतो, तुला वाटलं असेल पप्पांना ऑफिसमधलं काय कळतंय. खरंय, नाही कळत. पण तू तुझ्या टीम लीडला रागाच्या भरात पाठवलेल्या मेलचं थोडंफार कळतं. आमच्याकडं मेल नव्हता, बेल होती.

१९९७ ची गोष्ट, तुझा जन्म व्हायचा होता. मी एसटीत कंडक्टर, बार्शी-लातूर गाडीवर होतो. आदल्या दिवशी डेपोत कॅश भरताना १८० रुपये कमी आले, कुठं गेले काय पत्ता नाही, गर्दीत कुणाला तरी जादा नोट गेली असणार, ते खिशातून भरले. तेव्हाचे १८० म्हणजे थोडे नव्हते. तुझ्या आईला सांगितलं नव्हतं (आज वाचून कळेल तिला, मग बघू).

दुसऱ्या दिवशी गाडी ही फुल्ल, पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा मशीन नव्हती, एका हातात तिकिटांचा ट्रे, बोटात पंच. एका बाईने पन्नासची नोट दिली, ढोकीला उतरायचं होतं तिला, बाकी ३५ निघाले, सुट्टे नव्हते म्हणून तिकिटामागं लिहून दिलं. येडशी येईपर्यंत तिने तीनदा विचारलं, मास्तर माझे पैसे. तिसऱ्या वेळेला मी असा खेकसलो की अख्खी गाडी गप्प झाली. पळून चाललोय का तुमचे पैसे घेऊन, वगैरे वगैरे. पुढं ती काही बोलली नाही. ढोकीला गर्दीबरोबर उतरली, खाली उभं राहून तिकीट हातात धरून वर बघत होती, मी बघितलं आणि न बघितल्यासारखं करून दोरी ओढली.

रात्री कॅश मोजली तर बरोबर ३५ रुपये जास्त. जास्तीचे पण भरावेच लागतात, भरले. कमी आलेले १८० मी महिन्याभरात विसरलो, हे ३५ अजून विसरलेलो नाही.

पण सांगायचंय ते वेगळंच. त्या दिवशी मुरूडला चहाला थांबलो तर आमच्या ड्रायव्हर मामांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, काल किती गेले रे? मी उडालोच. म्हणलं तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाले, सकाळपासून तुझी बेल ऐकतोय, रोज टिंग टिंग करतोस, आज हाणतोयस, दोरी तुटायची. आणि पैसा गेल्याशिवाय कंडक्टर असा वाजवत नाही. मामा सातवी शिकलेले. गाडीत त्यांची पाठ माझ्याकडं, डोळे रस्त्यावर, आणि नुसत्या दोरीच्या ओढीवरून माणूस ओळखला. मी मात्र त्या बाईच्या तोंडासमोर उभा राहून मला काय झालंय हे मला स्वतःला कळत नव्हतं. मी धरून चाललो होतो की मला राग आलाय. आत बघितलं तर धास्ती होती, आज परत कमी आली तर, आणि लाज होती. ती बिचारी पैसे मागत होती आणि मला ऐकू येत होतं, तुला हिशोब जमत नाही.

तू मागं म्हणाली होतीस ऑफिसात इक्यूचं, म्हणजे भावना ओळखून सांभाळायच्या हुशारीचं, वर्कशॉप झालं आणि दोन तास नुसत्या स्लाइडा. तेव्हापासून मी मोबाईलवर वाचतोय, रिटायर्ड माणसाला काय काम. भावनिक बुद्धिमत्ता हा त्यामागचा शब्द पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एका लेखात नीट मांडला, आणि १९९५ ला डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने तो सगळीकडं पसरला. बाकी काही डोक्यावरून गेलं, पण एक पटलं. २००७ साली कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि मंडळींनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून आत मेंदूत काय चालतं ते मशीनवर बघितलं. त्या भावनेला नुसता एक शब्द दिला तरी मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला म्हणतात त्याला, तो जरा शांत होतो. नुसता शब्द! मामांनी "किती गेले" विचारलं आणि मी "१८०" म्हणलं तेव्हा माझे खांदे खाली आले होते, ते आठवलं.

आता तुमच्या पिढीचं काय होतं बघ, सगळ्याला एकच शब्द, फ्रस्ट्रेट झाले. आपल्याकडं शब्दांची काय कमी आहे का? चीड वेगळी, वैताग वेगळा, फणकारा वेगळा, संताप वेगळा. रुसायला समोरचं माणूस आपलं लागतं, परक्यावर कोण रुसतंय. आणि त्रागा म्हणजे तुझी आजी सांगायची, स्वतः उपाशी राहायचं आणि ताट दुसऱ्यापुढं आपटायचं. तुझ्या मेलमध्ये मला हाच दिसला, "यापुढे सगळं काम मी एकटीच करते" हे जे वाक्य तू वाचून दाखवलंस ना, ते.

तुझ्या लीडने अकरा जणांच्या कॉलवर "हे बेसिक होतं" म्हणायला नको होतं, ते चुकलंच त्याचं, त्यात मी त्याची बाजू घेणार नाही. पण शीटमधला आकडा चुकला होता असं तू आईला म्हणालीस, मला नाही म्हणालीस. म्हणजे आधी ओशाळलीस, मग अपमान वाटला, आणि रात्री पावणेबाराला सगळ्यांना सीसीत ठेवून गेला तो राग. मला असं वाटतं, तुला वेगळं वाटत असेल तर तूच सांग, आत तू आहेस.

आणि याचा अर्थ कायम गोड हसत राहायचं असा बिलकुल नाही. आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली यावर पुस्तक लिहिलंय, त्यांनी विमानातल्या एअर होस्टेस आणि उधारी वसूल करणारी माणसं दोघांचा अभ्यास केला. एकाला पगार हसण्याचा, दुसऱ्याला दरडावण्याचा. त्याला त्या भावनिक श्रम म्हणतात. मी वाचून हसलो, कारण कंडक्टर एकाच फेरीत दोन्ही करतो. पण नोकरीसाठी लावलेला चेहरा घरी आल्यावर उतरवता आला पाहिजे, मला कित्येक वर्षं नाही जमलं, तू आणि दादा भोगलंय ते, कंपासपेटीला पैसे मागायला तू आधी आईकडं जायचीस हे मला माहीत होतं.

नंतर जमलं थोडं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, माझे शेवटचे दोन महिने होते, गाड्या अशा भरायला लागल्या की काही बाप्ये उभ्याने माझ्यावरच तोंड सोडायचे, मास्तर आम्ही काय पाप केलंय. आधीचा मी असतो तर भांडलो असतो. तेव्हा म्हणायचो, पाय दुखत असतील ना, पुढच्या स्टॉपला जागा होईल. बहुतेक जण गप्प बसायचे. सगळे नाही, एकाने तर कॉलर धरली होती, ते जाऊ दे.

उद्या लीडशी समोरासमोर बोल. आकडा माझा चुकला हे आधी सांग, मग अकरा जणांसमोर बोललात ते मला लागलं हेही सांग, दोन्ही सांग, एक गिळू नको. माझं काय, त्या बाईला सांगायला मी ढोकीला नंतर कितीदा थांबलो, ती परत दिसली नाही. तुझा लीड रोज दिसतोय.

आत्ता मध्येच मामांना फोन केला, पहाटेच उठतात ते अजून. मी नुसतं हॅलो म्हणलं तर म्हणाले, काय रे, पोरीचं काय झालं?

पप्पा