ब्रांकुशीचा पक्षी आणि इंदूरचं देऊळ

सांगली,
रविवार

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शिल्पकार ब्रांकुशीचं काम थंड आहे, त्यात माणसाचा हात दिसत नाही, असं तू लिहिलंयस. ते मला पटत नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

कॉन्स्टंटिन ब्रांकुशी १८७६ साली रुमानियातल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. लाकूडकाम लहानपणीच हातात बसलं. शिकून १९०४ मध्ये पॅरिस गाठलं, १९०७ साली खुद्द रोदँकडे, त्या काळच्या नामवंत फ्रेंच शिल्पकाराकडे, काम मिळालं आणि थोड्याच दिवसांत त्यानं ते सोडलं. मोठ्या झाडाखाली काही वाढत नाही, हे त्याचं कारण. तेव्हाचे बहुतेक शिल्पकार मातीत घडवायचे, दगडात उतरवायला कारागीर असायचे. यानं सरळ दगडालाच छिन्नी लावली.

आता तो पक्षी. १९२३ पासून पुढं कितीतरी वर्षं तो 'अवकाशातला पक्षी' करत राहिला, कधी संगमरवरात, कधी ब्रॉन्झमध्ये. पंख नाहीत, चोच नाही, उरलीय ती फक्त झेप. ओतकाम झालं की तो स्वतः कानस मारायचा, मग बारीक पॉलिश, पार आरशासारखं होईपर्यंत. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना तू पाहिलंयस ना? तारांखालच्या घोडीवर कानशीचा एक हलका हात, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा एक हात. सूर खुलला की थांबायचं. कानस कुठं फिरली ते नंतर कुणाला दिसत नाही, पण ती फिरल्याशिवाय तंबोरा बोलत नाही. ब्रांकुशीचा हात असा आहे.

१९२६ मध्ये यातला एक ब्रॉन्झ पक्षी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. मूळ कलाकृतीला जकात माफ होती, पण अधिकाऱ्यांनी त्याची गणना स्वयंपाकघरातल्या नि दवाखान्यातल्या सामानात केली आणि ४० टक्के कर लावला. खटला झाला. हे मेकॅनिकलाही जमेल की, या प्रश्नावर एपस्टाइन या शिल्पकारानं सांगितलं, तो पॉलिश करेल, पण ही कल्पना त्याला सुचणार नाही. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूनं लागला.

मला खरं सांगायचंय ते पुढचं. हा पक्षी आपल्या माणसाला पटला होता. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी तीन पक्षी घेतले, एक ब्रॉन्झचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानाचं देऊळ बांधायचं ठरलं, आणि १९३७ सरता सरता ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला आला. देऊळ काही झालं नाही. संगमरवरी जोडी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या संग्रहालयात आहे. नीरेकाठच्या होळ गावचं हे घराणं, सांगलीपासून काय लांब? तरी एवढ्या वर्षांत आपल्याकडच्या एकाही चित्रकला शिक्षकानं मला हे सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटतं. माझ्या वर्गातल्या पोरांना मी आता आवर्जून सांगतो.

इंदूरहून परतल्यावर त्याच वर्षी, १९३८ मध्ये, रुमानियात तिर्गु जिऊला त्याचा 'अनंत स्तंभ' उभा राहिला, जवळपास ३० मीटर उंच. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं ते स्मारक. २०२४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत!

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला जायचं म्हणतोय. महाराजांचा माणिकबाग राजवाडा निदान बाहेरून तरी बघू. तू रजा काढ आणि लवकर कळव, म्हणजे दोघांचं रिझर्वेशन एकदमच करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिगू